काशाची वाटी आणि सुखदेवकाकांचं ब्लड प्रेशर

सुखदेव रामटेके आमच्या हँड्सवर्थच्या रस्त्यावर कोपऱ्याच्या घरात राहतात. मूळचे नागपूरचे. बर्मिंगहॅममध्ये डबलडेकर चालवण्यात त्यांची अर्धी हयात गेली. माझी मुलगी अन्वी त्यांच्याच रूटवरच्या बसने सिक्स्थ फॉर्मला, म्हणजे इथल्या अकरावी-बारावीच्या कॉलेजला जाते. मी किती काळजी करते हे त्यांना तिच्या कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात कळलं असावं, कारण शेवटच्या स्टॉपवर गाडी लावली की त्यांचा मेसेज यायचा: ‘पोरगी उतरली. आता चहा पी.’

मीही कधीकधी त्यांच्या बसने जायची. एकदा पुढे कुठेतरी पाइप फुटला आणि आम्ही सगळे रस्त्यात अडकलो. खाली एक बाळ रडत होतं, वर कॉलेजची मुलं ओरडत होती, एक बाई उतरून चालत जाते म्हणून दार वाजवत होती. आणि काका स्टीअरिंगवर हात ठेवून असे बसले होते, जणू नदीकाठी बसलेत. नंतर मी विचारलं, “काका, तुमचं डोकं फिरत नाही का हो?”

ते म्हणाले, “माझं कशाला फिरेल? गाडीत बसलो की सगळ्यांची काळजी माझ्याकडे. मग माझी स्वतःची काळजी म्हणते, इथं जागा नाही, आपण घरी जाऊ.”

ही गोष्ट माझ्या मनात राहिली. मी तर उलटी. दुसऱ्यांची काळजी घेता घेता माझी स्वतःची दुप्पट होते. या माणसाचं यंत्र वेगळं कसं चालतं, याचं मला कुतूहल होतं.

मग काका पासष्ट वर्षांचे झाले. इथे पासष्टीनंतर बस चालवणाऱ्याची डॉक्टरी तपासणी दरवर्षी होते. त्या तपासणीत त्यांचं ब्लड प्रेशर भलतंच वर निघालं. डॉक्टरबाईंनी गोळ्या दिल्या, घरी मोजायचं यंत्र घ्यायला सांगितलं आणि सहा आठवड्यांनी परत बोलावलं. तोवर बस बंद. वरचा आकडा एकशे ऐंशीच्या खाली आणि खालचा शंभरच्या खाली आला तर लायसन्स, नाहीतर नाही.

त्यांचा मुलगा विक्रांत लंडनजवळ स्लाऊला असतो, कॉम्प्युटर कंपनीत. त्याला तर आनंदच झाला. “बाबा, सोडून द्या आता. इनफ इज इनफ. स्ट्रेसफुल जॉब आहे तो.”

काकांनी फोन स्पीकरवर ठेवला होता, म्हणून मला उत्तरही ऐकू आलं. “अरे, जॉब स्ट्रेसफुल नाहीये. जॉब बंद आहे ते स्ट्रेसफुल आहे.”

पण हे कुणालाच पटत नव्हतं. आणि मग सुरू झालं काकांना शांत करायचं मोठं काम.

विक्रांतने फोनवर एक ॲप टाकून दिलं. डोळे मिटायचे आणि समुद्राच्या लाटा ऐकायच्या. काका दोन दिवसांत कंटाळले. “ते पाणी ऐकलं की मला सारखं बाथरूमला जावं लागतं.” मी लव्हेंडरचं तेल नेऊन दिलं. त्यांनी उशीवर दोन थेंब टाकले आणि सकाळी म्हणाले, “रात्रभर सेंट मारलेल्या मिनीकॅबमध्ये झोपल्यासारखं वाटलं.” नात तनूने रंगवायचं पुस्तक पाठवलं. रविवारी विहारात सगळ्यांबरोबर श्वासावर लक्ष ठेवून बसायचं असतं, तिथे काका वर्षानुवर्षं जातात, पण आता बसले की त्यांना प्रत्येक श्वास स्टॉपसारखा वाटायला लागला. दार उघडलं, दार मिटलं. लेट तर होत नाहीये ना?

डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, रोज मोकळ्या हवेत चाला. हे त्यांनी मनावर घेतलं. मला बरं वाटलं. मग एके दिवशी मी त्यांना कुठे पाहिलं? सोहो रोडच्या स्टॉपवर. कोटाच्या खिशात हात घालून आपल्याच रूटच्या बसवर डोळे लावून उभे.

“काका, पार्क तिकडे आहे.”

“बघ ना. दोन गाड्या एकदम आल्या. मधे जागाच नाही. नवीन पोरं आहेत, अंतर ठेवता येत नाही.” त्यांचा चेहरा लाल झाला होता. रोज चालायला निघून ते आपला रूट तपासत होते आणि घरी येऊन यंत्र लावत होते. आकडा खाली कसा येणार?

रेखाकाकू, म्हणजे त्यांची बायको, त्या दिवशी मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. हॉस्पिटलच्या लाँड्रीत उभ्याने काम करून रिटायर झालेल्या. फार बोलत नाहीत. “मालविका, ह्यांचं लायसन्स गेलं तर हे दिवसभर खिडकीत बसतील गं. मला ते बघवणार नाही.”

तेव्हा मला आठवली काशाची वाटी. माझ्या लग्नात आईने दिलेली, कपाटात पडून होती. संध्याकाळी तळपायाला साजूक तूप लावायचं आणि काशाच्या वाटीच्या बुडाने हळूहळू घासायचं. तूप काळं होतं. आमच्याकडे म्हणायचे, अंगातली उष्णता निघाली. मी केमिस्ट्री शिकलेय, मला माहीत आहे की ते काळं धातूचं असतं, उष्णतेचं नाही. पण झोप लागते हेही माझ्या अंगावर अनुभवलेलं आहे. का लागते, याचं उत्तर केमिस्ट्रीत मला सापडलं नव्हतं. म्हटलं, बघू तरी.

वाटी घेऊन गेले. रेखाकाकूंनी तूप गरम केलं, खाली जुना टॉवेल अंथरला आणि म्हणाल्या, “या. पाय करा पुढे.”

काकांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

“नाही.”

“नाही काय? तूप गार होतंय.”

“बायकोने नवऱ्याचे पाय धरायचे? आपल्या घरात?”

हे मला सुचलंच नव्हतं. काकांच्या घरी कोणी कुणाच्या पाया पडत नाही. आमची अन्वी लहान असताना एकदा वाकली, तर ते मागेच सरकले होते. “जयभीम म्हण, बेटा. मान वर ठेवून म्हण.” वाकणं, पाय धरणं या गोष्टी त्यांच्या वाडवडिलांनी पिढ्यानपिढ्या सोसलेल्या. ते सगळं मोडून बाहेर पडलेला हा माणूस. मी वाटी घेऊन आले ती कुठल्या घरात आणलीय याचा विचारच केला नाही.

“पाय धरत नाहीये, घासतेय,” काकू म्हणाल्या.

“तेच ते.”

“तुमचं लायसन्स जाईल.”

“गेलं तर गेलं.”

ते गेलं तर काय होईल हे तिघांनाही माहीत होतं. मी म्हटलं, “काका, तूप तुम्ही स्वतः लावा ना.” पण पोट आणि गुडघे मधे येत होते. स्वतःचा तळपाय स्वतः घासणं त्यांना जमेना. मग काकूच खुर्चीत बसल्या, मोजे काढले आणि स्वतःचे पाय टॉवेलवर ठेवले.

“मग तुम्ही माझे घासा.”

“काय?”

“सत्तावीस वर्षं उभी होते मी. तुम्ही तरी बसून होता. बायकोने धरायचे नाहीत तर नवऱ्याने धरावेत. समता आहे ना?”

काका हसले. महिन्याभरात पहिल्यांदा. मग खाली बसले, वाटी उलटी घेतली आणि विचारलं, “जोरात की हळू?”

“बस चालवता तशी.”

मी निघाले. माझं तिथे काही काम नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काकूंनी फोन केला. आवाजात आश्चर्य होतं. पाय काकूंचे घासले, झोपही त्यांना छान लागली, पण यंत्रावरचा आकडा उतरला काकांचा! मला वाटलं, योगायोग असेल. मी सांगितलं, पुढचे काही दिवस वेगवेगळं करून बघा. माझी जिज्ञासा आता गप्प बसेना. एक दिवस घासू नका, फक्त पंधरावीस मिनिटं खुर्चीत बसा. एक दिवस टीव्ही लावून घासा. एक दिवस वाटी न घेता नुसत्या हाताने. काकू म्हणाल्या, “आम्ही उंदीर आहोत का तुझे?” पण त्यांनी केलं. नुसतं बसलं की आकडा तसाच. टीव्ही लावला की थोडा खाली. काकूंचे पाय हातात घेऊन काका त्यांच्याशी जुन्या नागपूरच्या गप्पा मारत बसले की चांगलाच खाली. वाटी असो वा नसो.

सांगते, माझ्या आईला हे ऐकवलं तर ती वाटीचा अपमान समजेल.

तपासणीच्या आदल्या संध्याकाळी मात्र काकूंनी हट्ट धरला. “रोज तुम्ही माझे. आज एक दिवस मी तुमचे. हिशोब नको, आनंद म्हणून.” काकांनी बरेच आढेवेढे घेतले आणि शेवटी पाय पुढे केले. डोळे मात्र भिंतीकडे. मी फोनवर बजावलं होतं, तूप मुरू द्या, सकाळपर्यंत साबण लावू नका. सकाळी घाईत त्यांनी तसेच मोजे घातले. तपासणी ब्लड प्रेशरची, मोजे कोण बघतंय?

डॉक्टरबाईंकडे मीच गाडीतून नेलं. अन्वीला कॉलेज उशिरा होतं, तीही आली. आम्ही दोघी बाहेर बसलो, काका आणि काकू आत. आत काय झालं ते मला काकूंनी परत येताना सांगितलं.

पहिल्यांदा मोजलं तेव्हा आकडा मर्यादेच्या वर. दुसऱ्यांदाही वर. काकांच्या कपाळावर घाम. डॉक्टरबाई वेल्श होत्या, मऊ बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, या गोळ्यांनी कधीकधी घोटे सुजतात, जरा मोजे काढता का?

काकांनी मोजे काढले. दोन्ही तळपाय काळे ठिक्कर.

डॉक्टरबाई खुर्चीवरून उठल्याच. बोटं दाबून बघितली, दुखतंय का, मुंग्या येतात का, कधीपासून असं आहे? शेवटी काकूंनी टेबलावरचा टिश्यू घेतला आणि काकांचा तळपाय खसकन पुसला. टिश्यू काळा, पाय गोरा. डॉक्टरबाई टिश्यूकडे बघत राहिल्या.

“घी,” काकू म्हणाल्या. “अँड बाउल.”

मग सगळं सांगावं लागलं. काकांनीच सांगितलं, इंग्रजीत. डॉक्टरबाईंनी विचारलं, आणि याने तुमचं प्रेशर उतरतं? काका म्हणाले, माझ्या पायाने नाही, हिच्या. डॉक्टरबाईंना काही समजेना. त्या म्हणाल्या, आपण पाच मिनिटं थांबू, तुम्ही शांत बसा, मग शेवटचं मोजू.

शांत बसा म्हटलं की काका कधी शांत बसत नाहीत हे काकूंना माहीत होतं. त्यांनी आपला बूट काढला आणि पाय काकांच्या मांडीवर ठेवला. डॉक्टरच्या खोलीत. “नवा बूट चावतोय,” म्हणाल्या.

काकांनी इकडे तिकडे पाहिलं. मग अंगठ्याने टाच दाबायला लागले. कुठे चावतोय, इथे की इथे? दुकानात मी सांगितलं होतं एक नंबर मोठा घे. तू ऐकतेस कुठे. डॉक्टरबाई कॉम्प्युटरकडे तोंड करून बसल्या होत्या, पण टायपिंग थांबलं होतं, असं काकू सांगतात.

पाच मिनिटांनी पट्टा बांधला. काकांचा हात टेबलावर, काकूंचा पाय अजून मांडीवरच. यंत्र फुगलं, सुटलं.

“वन सिक्स्टी टू ओव्हर नाइंटी,” डॉक्टरबाई म्हणाल्या आणि सही केली. गोळ्या चालू ठेवायच्या आणि महिन्याने परत दाखवायचं, हेही बजावलं. वाटीने गोळी सुटत नाही, हे मीही इथे लिहून ठेवते.

बाहेर आले तेव्हा काकांच्या हातात बूट होते आणि ते अनवाणी होते. अन्वी खुर्चीवरून तिच्या मोडक्या मराठीत ओरडली, “आजोबा, तुमची एक पाय काळी आहे!”

“दुसरी तुझ्या आजीने पुसली,” काका तिच्याच मराठीत म्हणाले. त्यांनी तिथेच उभं राहून डेपोला फोन लावला. पलीकडचा कंट्रोलर काहीतरी विचारत होता आणि काका मान हलवत होते, फोनवर मान दिसत नाही हे विसरून. “येस, मेट. फिट. मंडे अर्ली. येस. गिव्ह मी माय ओन रूट.”

सोमवारी अन्वीबरोबर मीही स्टॉपवर गेले. गरज नव्हती. सकाळची थंडी होती आणि बस दोन मिनिटं उशिरा आली. पण पुढची गाडी बरीच पुढे निघून गेली होती आणि मागची अजून दिसत नव्हती. मधे अंतर अगदी हवं तेवढं होतं. दार उघडलं. काकांनी माझ्याकडे पाहिलंही नाही, ते आरशात एका म्हाताऱ्या बाईला बघत होते. ती नीट बसेपर्यंत त्यांनी ब्रेकवरचा पाय काढला नाही.