बर्फातला सांडा

आमच्या घरात गोष्टीच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. मोर्चातून उरलेले गठ्ठे बाबा घरी आणत आणि त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवली. हाती घेतलेला मुद्दा सोडायचा नाही, एवढं मला तेव्हापासून येतं.

दोह्यात आम्हा हौशी फोटोवाल्यांचा एक मराठी गट आहे. मार्चमधल्या एका शुक्रवारी फरीज बिन ओमरान या शहरातल्या वस्तीतून भल्या सकाळी निघून आम्ही वाळवंटात भंगाराच्या पत्र्यांचा उंट बघायला गेलो. तो कुणी केला, का केला, कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याच्या ओठांशी जुन्या टेलिफोनचा रिसीव्हर डकवलेला होता.

गटातल्या नाशिकच्या इंजिनिअरला सगळे दादा म्हणतात. दादाला त्या रिसीव्हरवर सांडा, वाळवंटातला काटेरी शेपटीचा सरडा, बसवायचा होता. वीतभर पिल्लू त्याने शेपटीला धरून बिळातून ओढलं आणि ताकाच्या बाटल्यांशेजारी बर्फाच्या पेटीत टाकलं.

"मरेल ते!" मी ओरडले.

"मरत नाही गं. दहा मिनिटांत सुस्तावतं. मग बसवशील तिथे बसतं. सगळे असंच करतात."

"दादा, हिलापण ठेवा दहा मिनिटं. यल्ला, चला लवकर!" वसईची नर्सताई थालीपीठ मोडत म्हणाली. सगळे खदखदून हसले.

झाकण उघडायला एक हात पुरला असता. पण मी बोलायला उभी राहिले. मुक्या जिवाची संमती, हा पहिला मुद्दा. दुसऱ्या मुद्द्यात मी दादाला त्याच्या साइटवर उन्हात राबणाऱ्या मजुरांची आठवण करून दिली. तो चिडला, उलट बोलला. मग मला आणखी सुचत गेलं. इतकं चांगलं मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. ऐकणाऱ्यांची थालीपीठं हातातच राहिली होती. खरं सांगायचं तर सांड्यापेक्षा मला दादा हवा होता, हरलेला, सगळ्यांसमोर.

शेवटी त्याने हात जोडले. "खलास बाई. हरलो. जा, सोड त्याला."

मी पेटी उघडली. पाऊण तास झाला होता. बर्फाचं पाणी झालं होतं आणि त्यात पिल्लू उताणं तरंगत होतं. ताईने ते तळहातावर घेतलं, उन्हात धरलं, बोटाने छाती चोळली. मग मान हलवली.

"दहा मिनिटं म्हटलं होतं मी," दादा म्हणाला. तो माझ्याकडे बघतही नव्हता.

त्याने पिल्लू रुमालाने टिपलं, रिसीव्हरवर नीट बसवलं, नख्या तारेत अडकवल्या. मागचे पाय दोनदा सरकवून पाहिले. मनासारखं जमलं.

"सावली पडतेय तोंडावर. रिफ्लेक्टर कुणाकडे आहे?"

माझ्याकडे होता. सगळे वळून बघायला लागले. मी पुढे झाले, उन्हाकडे तोंड केलं आणि पिल्लाच्या उघड्या डोळ्यात चमक येईपर्यंत रिफ्लेक्टर तिरका करत राहिले.