गळ्यात किलोभर तूर

शिरपूरच्या स्टँडसमोर काकांचा फोटो स्टुडिओ आहे. जुने-नवे कॅमेरेही ते विकतात. माझा पहिला डिजिटल कॅमेरा घ्यायला गेलो आणि सगळ्यात मोठ्यावर बोट ठेवलं. काकांनी किलोभर तुरीची पिशवी माझ्या गळ्यात अडकवली.

"तो एवढाच जड असते. मंदिरापर्यंत जाऊन ये, मंग बोलू."

नव्या गिऱ्हाइकाची ते अशीच परीक्षा घेतात. अर्ध्या वाटेतच माझी मान अवघडली. परतलो तर लहान कॅमेरा पुसून तयार!

"हा रोज बाहेर निघन. तो कपाटातच राह्यला असता."

पहिला फोटो मी त्यांचाच काढला. लग्नालग्नांत फोटोसाठी अख्ख्या गावाला हसवणारे काका शर्टाची वरची गुंडी लावून ताठ उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "हासू काय रे?"