उजव्या मागच्या चाकाचा आवाज

आमच्या दाजींचा या जगात कुणावर म्हणजे कुणावर विश्वास नव्हता. देवावर होता, पण तोही गळ्यात बांधलेलं इष्टलिंग, कायम हाताशी असणारं म्हणून. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. लातूरच्या बाजारात त्यांची डाळींची आडत होती. शेतकऱ्याने तुरीचं पोतं आणून टेकवलं की वरच्या तुरीकडे ते ढुंकूनही बघत नसत. सदऱ्याची बाही खांद्यापर्यंत सारायची, हात पोत्यात पार तळापर्यंत खुपसायचा आणि तिथली मूठ वर काढायची. "वरचं दाखवायला असतंय, खरं असतंय ते खाली," असं म्हणत ते ती तूर उन्हात धरायचे. माणसांनाही त्यांनी हाच नियम लावलेला. घरी पाहुणा आला की आधी विचारणार, "बरं हाय का?" बिचारा हाव म्हणाला की लगेच पुढचा प्रश्न, "सगळं बरं हाय, मग आलाव कशाला?" पाहुण्याच्या हातातला चहा तिथेच थांबायचा. अक्का स्वयंपाकघरातून भांडी आपटायची, पण दाजींना भांड्यांच्या आवाजाचाही संशय येई.

डॉक्टरकडे गेले तर कुठं दुखतंय ते सांगायचे नाहीत. "मी सांगितलं की त्यो त्येच धरून बसतोय. शिकलाय न्हवं? वळखू दे की!" डॉक्टर पोट दाबून बघायचे, घसा बघायचे, आणि दुखत असायचा गुडघा. आमचा जिल्हा तेव्हा नवा नवा झाला होता. भाड्याच्या खोल्यांवर ओल्या रंगाच्या पाट्या लागल्या होत्या, आणि मीही त्यातल्याच एका खोलीत कारकून म्हणून रुजू झालो होतो. गाव सगळं खुशीत. दाजी मात्र वर्षभर पत्रावर दोन्ही जिल्ह्यांची नावं लिहीत राहिले. मी म्हणालो, "दाजी, आता आपण उस्मानाबादेत नाही." तर म्हणाले, "आज न्हाई. उद्या फिरिवलं त्येंनी तर? टपाल कुठं हुडकायचं?"

अशा माणसाकडे एक जुनी मोटार होती. तीन मालकांच्या हाताखालून आलेली. तिचं नाव मी सांगत नाही, कारण गाडीचं नाव परक्याला सांगू नये, चोराला सोपं जातं, असं दाजींचं मत होतं. ती आडतीमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी असे. दाजी मालाच्या कामाला उदगीरला, मुदखेडला जायचे ते एस्टीने नाहीतर रेल्वेने. गाडी धुळीत कशाला घालायची? जाताना मात्र डाव्या पुढच्या टायरवर, बरोबर जमिनीला टेकलेल्या जागी, खडूची रेघ ओढायचे. गाडी कुणी हलवली की रेघ जागची हलणार. मग गाडीखाली पालथे पडून दोन मिनिटं काहीतरी बघायचे. तेल गळतंय का बघतो, म्हणायचे. आणि सगळं झालं की चावी माझ्या हातात द्यायचे. "रोज पाच मिंटं इंजन चालू ठिव, बॅटरी उतरायची. चाक हलवू नगं. आन् ह्या रेघंवर ध्यान ठिव. गावात माझा इस्वास हाय तो तुझ्यावर." माझे वडील लहानपणीच गेलेले. कॉलेजच्या फीपासून नोकरीच्या अर्जापर्यंत माझं सगळं दाजींनी बघितलं होतं, आणि माझ्या लग्नाची बोलणीही तेच करणार होते. ते वाक्य ऐकलं की माझी छाती फुगायची.

आणि मीच, सांगायला आजही लाज वाटते, त्या विश्वासाला चूड लावली.

ते साल दुष्काळाचं. नळाला पाणी आठवड्याने यायचं, तेही हळू. आमच्या ऑफिसच्या मागच्या गल्लीत चढावर एक घर होतं, तिथं तर ते पोचायचंच नाही. त्या घरातली मुलगी डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी अशी दिवसातून सहा वेळा चढ चढायची, कारण तिच्या आईचा हात मोडून प्लास्टरमध्ये होता. मी खिडकीतून बघायचो. फायलीत लक्ष लागेना. शेवटी एकदा धीर करून विचारलं, आणि ती म्हणाली, "पाणी आणून देताव? कशात आणताव, टोपीत?" झालं! दाजी उदगीरला गेले त्या दिवशी मी तेलाचे चौदा रिकामे डबे गाडीत कोंबले, औशाच्या वाटेवरच्या एका मळ्यातल्या विहिरीवर गेलो आणि डबे भरून चढावर नेऊन रिते केले. मळ्यात जायला कोरड्या ओढ्यातून वाट होती. वाळूत चाकं रुतायची, गाडी मागून बसायची, डब्यांतलं पाणी हिंदकळून खाली झिरपायचं. परत आल्यावर गाडी पुढे-मागे करून खडूची रेघ बरोबर जमिनीला टेकवली की मी मोकळा. त्या उन्हाळ्यात अशा आठ खेपा झाल्या. नवव्या वेळी दाजी स्वतः गाडी घेऊन बाहेर पडले आणि चेहरा पाडून परत आले.

"आवाज यायलाय," ते म्हणाले. "घूंऽऽ करून. लांब गिरणी चालल्यागत."

पुढचे पंधरा दिवस दाजींनी अख्ख्या लातूरवर संशय घेतला. पेट्रोलवाल्याने पाणी मिसळलं असणार, शेजारच्या आडत्याने जळून काहीतरी केलं असणार, गेल्या दिवाळीला ग्रीस भरणाऱ्याने मुद्दाम कमी भरलं असणार. प्रत्येक नाव घेताना ते माझ्याकडे बघायचे आणि "तुला काय वाटतं?" विचारायचे. मी आपला "असेल, असेल" करत मान हलवायचो. तीन मिस्त्र्यांना गाडी दाखवली, पण डॉक्टरचाच नियम. काय होतंय ते सांगायचं नाही. पहिल्याने सायलेन्सर कापून बदलला, दुसऱ्याने पुढचे टायर बदलायला लावले, तिसऱ्याने पंख्याचा पट्टा बदलला. टायर सोडले तर बदललेला प्रत्येक जुना भाग दाजी फडक्यात बांधून घरी आणायचे आणि खाटेखालच्या पत्र्याच्या पेटीत ठेवायचे. "पुरावा हाय," म्हणायचे. आवाज मात्र होता तसाच, उलट वाढलेला.

शेवटी त्यांनी ठरवलं, नांदेडला जायचं. का, तर तिथं त्यांना कुणी ओळखत नाही, त्यामुळे कुणी आधी जाऊन मिस्त्रीचे कान भरलेले नसणार. "तू बी चल," म्हणाले. नाही म्हणायची सोय नव्हती. अहमदपूर, लोहा करत आम्ही निघालो. दोन्ही बाजूंना रानं उघडी पडलेली, आणि गाडीत तो आवाज. वेग वाढला की वाढायचा, कमी झाला की कुरकुरायचा. मला तर तो माझंच नाव घेतोय असं वाटत होतं. लोह्याजवळ दोनदा सांगायला तोंड उघडलं. दोन्ही वेळा चढावरचं ते घर डोळ्यांपुढे आलं. यांचा माझ्यावरचा विश्वास उडाला तर त्या घरी माझी बोलणी करायला कोण जाईल? तोंड मिटलं.

नांदेडचे मिस्त्री पांढऱ्या दाढीचे, सगळे त्यांना चाचा म्हणत. दाजींनी किल्ली दिली आणि गप्प उभे राहिले. चाचांनी एकदा वर बघितलं, काही विचारलं नाही, दाजींना शेजारी आणि मला मागे बसवून मोकळ्या रस्त्यावर गाडी काढली. वेगात असताना स्टिअरिंग हळूच डावीकडे, मग उजवीकडे. डावीकडे वळवलं की आवाज मोठा, उजवीकडे वळवलं की बारीक. "डावीकडं वळलं की भार उजव्या अंगाला येतो," चाचा म्हणाले, "उजवं मागचं चाक. बेरिंग." परत येऊन गाडी जॅकवर चढवली, स्क्रूड्रायव्हरचं पातं एक्सलला टेकवलं, लाकडी मूठ कानाला लावली आणि चाक हाताने फिरवलं. मग मूठ दाजींच्या कानाला दिली. दाजींनी डोळे मिटून ऐकलं, ते चाक थांबेपर्यंत.

चाचांनी चाक उतरवून जमिनीवर ठेवलं, आतली बाजू वर करून. टायरच्या आतल्या अंगाला खडूच्या रेघा होत्या. एक नाही, सात-आठ. वेगवेगळ्या जागी, काही पुसट, काही ठळक. दाजी गाडीखाली पालथे पडून तेल बघत नव्हते. पुढची रेघ जगासाठी होती; ही माझ्यासाठी. पुढचं चाक मी नीट जागेवर आणायचो, पण वळणावळणांच्या रस्त्यावर चारही चाकं सारखी कुठं फिरतात? दर वेळी परत आले की त्यांना ही रेघ भलतीकडेच गेलेली दिसली असणार, आणि दर वेळी त्यांनी खाली नवी ओढली असणार. म्हणजे पहिल्या खेपेपासून या माणसाला ठाऊक होतं!

चाचांनी ड्रम काढला, एक्सल ओढून बाहेर घेतला, बेरिंग बोटांनी फिरवून बघितलं. खर्र खर्र. "शेठ, हे वयानं गेलं नाही," ते म्हणाले. "लई वजन वाहिलंय यानं. वाळूतून गेलंय, पाणी बी लागलंय. कोण चालवतं गाडी?"

मी दाजींकडे बघितलं. आयुष्यात ज्याने फुकटच्या चहालाही प्रश्न विचारले, तो माणूस आता विचारणार. साक्षीदार समोर, पुरावा समोर, आरोपी शेजारी.

दाजींनी खांद्यावरचा पंचा काढला, वाकले, आणि टायरवरच्या सगळ्या रेघा पुसून टाकल्या. "जुनी गाडी हाय, चाचा," ते म्हणाले. "व्हायचंच."

नवं बेरिंग लेथवाल्याकडून प्रेसवर बसवून आणलं, जोडलं, चाक चढवलं. चाचांनी जुनं बेरिंग चिंध्यांत गुंडाळून पुढे केलं. दाजी म्हणाले, "ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशीच." मला रडूच यायचं बाकी होतं.

परतीच्या वाटेवर गाडी अशी गप्प होती की आम्हा दोघांचे श्वास ऐकू येत होते. अहमदपूर मागे पडलं तेव्हा मी म्हणालो, "दाजी, मला एक सांगायचंय."

"त्या पोरीच्या आईचा हात जुळला का?" दाजींनी समोर बघत विचारलं.

"... हाव."

"बरं झालं. म्हातारीला लई तरास." आणि मैलभर गेल्यावर, "चौदा डबे जास्त हुतात रे. धा न्यावं."

त्या चढावरच्या घरी दाजी पुढच्याच सोमवारी गेले. आमच्याकडे सोयरीक म्हणजे दाजी सहा महिने चौकशी करणार, मुलीच्या आजोळापर्यंत जाऊन येणार, असा रिवाज. या वेळी तासाभरात सुपारी फोडून आले. अक्काने विचारलं, "अवं, चौकशी?" म्हणाले, "सहा येळा चढ चढती ती पोरगी. बघून आलोय मी उन्हाळ्यातच."

आता दाजी नाहीत. गाडीही केव्हाच गेली. परवा अक्काने खाटेखालची ती पेटी उघडली. त्यात सायलेन्सरचे तुकडे निघाले, पट्टे निघाले, कशाकशाचे पुरावे निघाले. मी सगळं उपसून तळापर्यंत बघितलं. बेरिंग नव्हतं. बायको म्हणाली, "काय हुडकताव एवढं?" मी पेटीचं झाकण लावलं.

लग्नानंतरही दाजी उदगीरला जाताना चावी माझ्याच हातात देत. पुढच्या टायरवर जगासाठी रेघ ओढत, आणि सरळ एस्टी स्टँडचा रस्ता धरत. ते वळणाआड गेले की मी शेडमध्ये जायचो, गाडीखाली पालथा पडायचो आणि उजव्या मागच्या चाकाची आतली बाजू बघायचो. रेघ नसायची. एकदाही नव्हती. तरी ते गावाला गेले की दर वेळी मी वाकून बघत राहिलो, गाडी विकेपर्यंत.