पांढरीची माती

भोकरदनच्या टेकडीखाली सातवाहनांच्या काळातलं भोगवर्धन नावाचं शहर आहे, आणि तिथल्या लोकांनी पार सांचीच्या स्तूपाला दिलेलं दान त्या स्तूपाच्याच दगडावर कोरलेलं आहे, हे वाचल्यापासून मला चैन नव्हती. त्या शहराची एक तरी वस्तू मला या डोळ्यांनी बघायची होती.

अंबडहून पहिली एसटी धरली. थोरली बहीण टेकडीच्या पायथ्याशीच नांदते. नेमकं त्याच दिवशी तिच्या घराचं माळवद, म्हणजे जुनं मातीचं छत, उतरवून राह्यले होते. आता स्लॅब पडणार होता. भाचा ट्रॉलीत माती भरत होता, माझ्याकडे बघायला कुणाला फुरसत नव्हती. तरी आक्काला ओढत वर नेलंच.

वर काय? बाभळी, शेळ्या आणि जागोजाग खणून नेलेले खड्डे. एक भिंत दिसेल तर शपथ. माझं डोकंच फिरलं.

"आक्का, अख्खं शहर गेलं कुठं?"

"नेलं की आम्हीच," ती म्हणाली. "ही पांढरीची, जुन्या वस्तीची माती. हिच्यातून पाणी गळत न्हाई. पावसाळ्याच्या तोंडावर सासरे बैलगाडीनं आणायचे, मी माळवदावर पसरायची. सारं गावच नेत होतं."

"मंग आता ती ट्रॉली कुठं चालली?"

"नाल्यात, भरतीला."

मी उतारावरून पळत सुटलो. ट्रॉली नुकतीच निघाली होती. आडवा झालो आणि वर चढून ढेकळं फोडायला लागलो. भाचा म्हणाला, "मामा, बरे हाव ना?" खापऱ्या निघाल्या, कोळसा निघाला. मंग एक पांढरा, वाकडा तुकडा हाताला लागला. शंखाची बांगडी. वर बारीक नक्षी.

आक्का मागून धापा टाकत आली. तिनं तो पदरानं पुसून मनगटाला लावून बघितला. बराबर बसला.

"कुणा बाईची असंल," ती हळू म्हणाली. "अन् मी हिच्याखाली इतकी वर्षं सैंपाक करून राह्यले."

मंग भाच्याला म्हणाली, "ट्रॉली वळव. टेकडीवर खाली कर."

"अगं, डिझेल..."

"वळव म्हणलं ना."

खोटं कशाला बोलू, तो तुकडा मला खिशात घालायचा होता. मी हातही पुढं केला. आक्कानं तो ट्रॉलीतल्या मातीत खोल खोचला आणि पदर खोचून वर चढून बसली.