काही नाही शोधणारी बाई

आमची ही काय करते, असं कुणी विचारलं की मी सांगतो, "रोज कामावर जाते, दिवसभर डोळे फोडते आणि संध्याकाळी काही नाही घेऊन घरी येते." लोक हसतात. ही मात्र माझ्याकडे अशी बघते की मी निमूटपणे मशीनचं पायडल मारायला लागतो.

मी शिंपी. खाली दुकान, वर घर. ही सरकारी हिवताप लॅबमध्ये. काचेवर घेतलेला रक्ताचा थेंब जांभळ्या रंगात बुडवायचा, मायक्रोस्कोपखाली धरायचा आणि त्यात हिवतापाचा जंतू आहे का ते बघायचं, हे तिचं काम. आता आमच्या देशातून हिवताप जाऊन जमाना झाला. पण शेजारच्या देशात तो अजून ठाण मांडून आहे, आणि डास तर आपल्याकडे हवे तेवढे. तिकडून एक आजारी माणूस आला, त्याला इथला डास चावला, की झालं पुन्हा सुरू. म्हणून ताप घेऊन कुणीही दवाखान्यात आला आणि तो सीमेपलीकडे जाऊन आलेला असला, की त्याच्या बोटाला सुई टोचायची आणि काच हिच्या लॅबला पाठवायची, असा नियम आहे. काचेवर नाव नसतं, नुसता आकडा. अशा काचांचा ढीग ही डोळ्यांत तेल घालून बघते. संध्याकाळी मी विचारतो, "काय सापडलं आज?" ही पर्स खुंटीला अडकवत म्हणते, "काही नाही." आमच्या संसारातला हा रोजचा संवाद.

खरं सांगतो, मला या नोकरीचा रागच यायचा. नसलेली गोष्ट शोधायला माणसं ठेवणारं सरकार मी दुसरं पाहिलं नाही. एकदा तसं बोलूनही दाखवलं. त्यानंतर कितीतरी दिवस मला 'हो' आणि 'नाही' यापलीकडे उत्तर मिळालं नाही.

दुसरा राग सुईचा. हसू नका. मी दिवसभर सुया हाताळतो, पण त्या कापडात जातात. ही नवीन नोकरीला लागली तेव्हा सरावासाठी माझीच बोटं धरायची. बोटांची पार चाळणी करून टाकली. शेवटी मी हात जोडून म्हणालो, "बाई, नवरा हवाय की पिनकुशन?" त्या दिवसापासून हिच्या हातून सुई टोचून घ्यायची नाही, असं मी जाहीर केलंय.

हिला त्या नोकरीत वर्षातून एकदा गंमत असायची. रोज रोज स्वच्छ रक्त बघून नजर जंतूला विसरू नये म्हणून मुख्य कचेरीतले लोक न सांगता एखादी हिवतापाची काच नेहमीच्या ढिगात सरकवून देतात. सगळे तिला परीक्षेची काच म्हणतात. ती हिने आजवर एकदाही चुकवलेली नाही. ती सापडली की त्या संध्याकाळी ही येताना मिठाई आणते आणि शाळेतल्या मुलीसारखी मिरवते.

तर झालं असं, की मी माझ्या थोरल्या बहिणीकडे, सीमेपलीकडे, भाचीच्या लग्नाचे कपडे शिवायला गेलो. तिथे उकाड्याने जीव नकोसा झाला म्हणून अंगणात झोपायचो. परत आलो आणि थोड्याच दिवसांत अंगात कसकस सुरू झाली. एक दिवस हुडहुडी भरायची, दुसऱ्या दिवशी मी ठणठणीत. ही मागेच लागली, "अहो, बोट द्या." मी म्हटलं, प्रवासाचा शीण आहे. ही म्हणाली, "शीण एक दिवसाआड येत नाही." आमचं चांगलंच वाजलं. मी हट्टाला पेटलो, पण मनातून घाबरलो होतो. शेवटी ही कामावर गेल्यावर गुपचूप कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गेलो. तिथल्या नर्सबाईंनी प्रवासाचं विचारलं आणि माझी पुढची बडबड ऐकून न घेता बोट टोचलं. दुखलंसुद्धा नाही. ते हिला सांगायची माझी काय बिशाद.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी दोन गोधड्यांखाली कुडकुडत पडलो होतो. ही आली ती हातात मिठाईचा पुडा घेऊन.

"आली बरं का परीक्षा," ती म्हणाली. "अगदी निघता निघता, शेवटच्या काचेत. काय सुंदर अंगठ्या होत्या, अहो. खड्यासकट."

हिवतापाचा जंतू रक्ताच्या पेशीत अंगठीसारखा दिसतो, एवढं मला हिच्यामुळे माहीत होतं. मी दात वाजवत म्हटलं, "लग्नात मी एकच दिली होती. सरकारने बऱ्याच दिलेल्या दिसतात."

ही खूश होऊन हसली. तिने माझ्या कपाळाला हात लावला, हसू मावळलं आणि ती म्हणाली, "आता मात्र ऐकायचं नाही तुमचं." ती सुईची पेटी काढायला उठली, तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिचे साहेब होते. निकाल कळवायला तिने त्यांना फोन केला होता, तेव्हा ते बैठकीत होते. मला फक्त हिची बाजू ऐकू येत होती.

"हो साहेब, परीक्षेची... म्हणजे?... कचेरीने यंदाची अजून पाठवलीच नाही?"

तिने फोन कानापासून बाजूला केला. मिठाईच्या पुड्याकडे बघत म्हणाली, "खरी होती हो ती. कुणीतरी कुठेतरी तापाने फणफणतंय आणि मी इथे मिठाई वाटत बसलेय."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी गोधडीतून हात बाहेर काढला आणि नर्सबाईंनी चिकटपट्टी लावलेलं बोट तिच्यासमोर धरलं.

ती त्या बोटाकडे बघतच राहिली. मग फोनमध्ये अगदी शांतपणे म्हणाली, "साहेब, पेशंट सापडला. माझ्या घरातच आहे." मला वाटलं आता माझी खैर नाही. पण तिने ते बोट दोन्ही हातांत घट्ट धरलं आणि दवाखान्याची गाडी येईपर्यंत सोडलं नाही.

पुढे जे झालं ते मी राजेशाही थाट म्हणतो. डॉक्टर तरुण होते. हिवतापाचा पेशंट त्यांनी पुस्तकाबाहेर प्रथमच पाहिला, त्यामुळे त्यांना माझं कोण कौतुक. गोळ्या तयारच होत्या. मी म्हटलं, "कुणी आजारी नसताना या कुणासाठी ठेवल्या होत्या?" ते म्हणाले, "तुमच्यासाठीच. मुदत संपली की टाकून नव्या आणतो. आता पूर्ण घ्या, बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका." राजधानीतून फोनवर फोन आले. इकडे आमच्या गल्लीत माणसं उतरली. प्रत्येक घराच्या भिंतीवर फवारणी झाली, प्रत्येक पिंप, कुंडी, डबडं उपडं झालं. माझ्या दुकानातली इस्त्रीच्या पाण्याची बादलीसुद्धा वाकून वाकून तपासली. शेजाऱ्यापाजाऱ्यांची बोटं टोचली गेली. सगळ्यांच्या काचा स्वच्छ निघाल्या आणि माझा जीव भांड्यात पडला. समोरचा न्हावी अजून म्हणतो, "मास्तर, ताप तुम्ही आणलात, पण टोचून घेतलं आम्ही." एका शिंप्याच्या तापासाठी अख्खं सरकार पळालं, आणि ते नुसतं पळालं नाही, पळायला आधीपासून तयार बसलं होतं. मी त्यांना रिकामटेकडे म्हणत होतो.

गोळ्या संपल्यावरही ठरलेल्या दिवशी माझं रक्त तपासत राहायचं होतं. आता बोट हीच टोचायची आणि मी तोंडातून ब्र काढत नव्हतो. शेवटच्या तपासणीच्या दिवशी मी दुकानात बसून एकच शिवण तीनदा उसवली. संध्याकाळी ही आली. मी नेहमीसारखंच विचारलं, पण आवाज काही नेहमीसारखा निघाला नाही.

"काय सापडलं आज?"

तिने पर्स खुंटीला अडकवली. "काही नाही," ती म्हणाली, आणि बेतलेल्या कापडांच्या ढिगावर बसून पदरात तोंड लपवून रडली. मीही रडलो, मशीनवर डोकं टेकून. गिऱ्हाईक दारातूनच परत गेलं.

आता मी बरा आहे, आमची भांडणंही पूर्वीसारखी सुरू आहेत. ही रोज कामावर जाते, रोज घरी येते, आणि मी रोज तेच विचारतो. फक्त तिचं उत्तर येईपर्यंत पायडलवरचा पाय थांबवून ठेवतो.