दापोडीच्या हॉलमधली अ‍ॅपं

आठवडाभर मी चाकणच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर सांभाळते आणि रविवारी दापोडीत, वस्तीच्या हॉलमध्ये, कॉलेजच्या पोरापोरींना मोबाइल अ‍ॅप बनवायला शिकवते. नियम एकच: अ‍ॅप आपल्या लोकांच्या उपयोगी पडलं पाहिजे. कोडिंग किती शिकवलं माहीत नाही, पण किस्से इतके साठलेत की जेवताना घरचे मला गप्प बसवतात.

*

सगळ्यात आधी चाललं ते प्रणालीचं अ‍ॅप. ती दापोडीचीच. त्यांच्या गल्लीत नळाला पाणी कधी येईल याचा नेम नाही. ज्याच्या नळाला आधी पाणी येईल त्यानं बटण दाबायचं, की सगळ्या गल्लीला मेसेज.

पण मेसेज यायचा तेव्हा पाणी जायची वेळ झालेली असायची. गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या मावशींना प्रणालीनं विचारलं, तर त्या शांतपणे म्हणाल्या, "माझं पिंप भरल्याशिवाय बटण कशी दाबू गं?"

मावशींचं समोरच्या काकूंशी कधीपासून बोलणं नाही. प्रणालीनं एवढंच केलं, की खबर आधी ज्यांनी दिली त्यांचं नाव मेसेजमध्ये दिसू लागलं. आता नळातून नुसती हवा आली तरी दोघींचे मेसेज येतात.

*

ओंकार चाकणजवळच्या निघोज्याचा. त्यानं गावातून कामगारांना नेणारी कंपनीची बस कुठपर्यंत आली ते दाखवणारं अ‍ॅप केलं आणि ड्रायव्हरच्या फोनमध्ये टाकलं. दुसऱ्याच दिवशी सगळ्या स्टॉपना दिसलं, की बस एका चहाच्या टपरीपाशी बराच वेळ उभी असते.

ड्रायव्हर ओंकारवर वैतागला. "आता चहापण तुम्हाला विचारून प्यायचा का राव?"

तक्रार मात्र कोणीच केली नाही. हल्ली निम्मी शिफ्ट टपरीवरूनच बसमध्ये चढते.

*

ओंकारचंच दुसरं अ‍ॅप म्हाताऱ्या माणसांसाठी. औषधाच्या वेळी फोन विचारतो, "गोळी घेतली का? हो किंवा नाही सांगा." पहिली चाचणी त्याच्या आजोबांवर.

आजोबा म्हणाले, "व्हय."

फोन म्हणाला, "समजलं नाही, पुन्हा सांगा."

आजोबांनी चार वेळा सांगितलं, मग फोन ओंकारच्या हातात दिला. "ह्याला कानाच्या डॉक्टरकडं ने रं आधी."

त्यानं आठवडा घालवून फोनला 'व्हय' आणि 'न्हाई' शिकवलं. आता फोनला सगळं समजतं. आजोबा गोळी न घेताच 'व्हय' म्हणतात, ते तेवढं समजत नाही.

*

मागच्या वर्षी प्रणालीनं रक्तदात्यांचं अ‍ॅप केलं. त्यात नुसतं पहिलं नाव, रक्तगट, फोन नंबर, बस. सगळ्यात आधी तिनं वडिलांचं नाव टाकलं, कारण त्यांचा गट ओ निगेटिव्ह, सहज न मिळणारा.

एका दुपारी ते चाकणहून पहिली शिफ्ट करून आले आणि त्यांचा फोन वाजला. जवळच्याच हॉस्पिटलात एका बाईला बाळंतपणात फार रक्तस्राव झाला होता. ओ निगेटिव्ह पाहिजे, आणि लगेच. ते जेवायचे थांबले, प्रणालीला गाडीवर मागे बसवलं आणि निघाले.

दारात त्या बाईचे सासरे वाट बघत होते. प्रणालीच्या वडिलांनी त्यांना लगेच ओळखलं. स्वतःचं लग्न झालं तेव्हा ते याच गृहस्थांकडे भाड्यानं खोली बघायला गेले होते. खोली दाखवून झाली, बोलणं ठरत आलं, मग आडनाव विचारलं गेलं. आडनाव ऐकल्यावर, "अहो, खोली कालच दिली की." 'खोली भाड्याने देणे आहे'ची पाटी पुढे कितीतरी दिवस तशीच होती.

प्रणालीला हे घरी ऐकून माहीत होतं. तिनं वडिलांकडे पाहिलं. ते सरळ आत गेले आणि रक्त देऊन आले.

संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले. आई आणि बाळ, दोघंही ठीक. सासऱ्यांना रडू आवरेना. त्यांनी प्रणालीच्या वडिलांचे दोन्ही हात धरले.

"देवासारखे धावून आलात भाऊ. नाव काय आपलं?"

"सुनील."

"सुनील... आडनाव?"

वडिलांनी दुमडलेली बाही सावकाश खाली घेतली, बटण लावलं.

"ओ निगेटिव्ह."