भिंतीकडे तोंड

सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा नवरा बोटीवर होता, कुठल्या समुद्रात ते कंपनीलाच ठाऊक. रत्नागिरीतल्या त्या इस्पितळात आयसीयू म्हणजे चार खाटांची खोली, एक सिस्टर आणि काचेचं दार. सगळे निर्णय सासूबाईंचे थोरले भाऊ, आमचे मामा, घ्यायचे. निदान त्यांचा तसा समज होता.

सासूबाई शुद्धीवर नव्हत्या. एका सकाळी अंग पुसताना सिस्टरने मला आत बोलावलं आणि त्यांच्या माकडहाडावरचा लाल डाग दाखवला. बोटाने दाबला तरी फिका पडेना.

"सारखा भार पडून कातडी मरायला लागलीय," ती म्हणाली. "झटक्यातून वाचतील एखादवेळेस. पण हे फुटलं तर हाडापर्यंत जाईल. दर दोन तासांनी कूस बदलायला हवी, आणि मी एकटी कुणाकुणाला बघू?"

मी पदर खोचला. एकदा दाराकडे, एकदा भिंतीकडे, पाठीशी उशी, गुडघ्यांमध्ये जुन्या लुगड्याची वळकटी. उताणं मात्र निजवायचं नाही. कंबर मोडून यायची, पण तो डाग फिकट होताना दिसला की मला जिंकल्यासारखं वाटायचं.

पण आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला माणसं येणार म्हणजे येणारच. आणि ती यायची नेमकी सासूबाई भिंतीकडे असताना. एक दिवस काचेतून आत बघून मामा कडाडले.

"माणसं वेळणेश्वरासून एष्टीनं आलीत गो, तिचं तोंड बघायला. आणि तू त्यांना पाठ दाखवतेस? निवांत पडू दे की तिला!"

"पाठच वाचवायचीय, मामा," मी म्हटलं आणि उशी नीट केली. सुनेनं असं बोलायची पद्धत नव्हती. मला त्या दिवसांत पद्धतींचा भारी राग यायचा.

दुसऱ्या दिवशी मी दोन घास खायला बाहेर गेले. सिस्टर पलीकडच्या खाटेवरच्या पेशंटमध्ये अडकलेली. परत येते तो सासूबाई उताण्या, मान दाराकडे वळवलेली, केस विंचरलेले, कपाळावर ठसठशीत कुंकू. दारात पाहुण्यांची रांग आणि मामा यजमानासारखे उभे. मी सगळ्यांना बाहेर काढलं आणि सासूबाईंना कुशीवर वळवलं. डाग पुन्हा लालभडक झाला होता. माझ्या डोळ्यांत रागाने पाणी आलं.

मी बाहेर येऊन सगळ्या पाहुण्यांसमोर विचारलं, "मामा, अढीतला आंबा तुम्ही परतता ना? एका अंगावर पडून नासू नये म्हणून? मग सख्ख्या बहिणीला का नाही परतायचं?"

मामांची चार कलमांची नव्हे, आंब्याची अख्खी बाग होती. ते चपला घालून निघून गेले. संध्याकाळी आले ते दाराबाहेर बाकावर बसले, माझ्याशी अक्षर न बोलता. पण कुणी पाहुणा काचेकडे सरकला की म्हणायचे, "आता भिंतीकडची पाळी हाय. बसा जरा."

डाग गेला. सासूबाई शुद्धीवर आल्या, भाट्ये गावातल्या आमच्या घरी आल्या, जीभ जड पण तिखट तीच. मामांनी बहिणीला सगळं सांगितलंच होतं. एके दुपारी मी भात घेऊन गेले तर त्या डाव्या हातावर जोर देऊन, कुणाचा आधार न घेता, खाटेवर उठून बसल्या. केवळ मला बोलायला.

"लांबून माणसं आली, नि तू मला भिंतीकडे तोंड करून निजवलंस? काय म्हणाली असतील ती?"

मी ताट खाली ठेवलं.

"नीट बसता येतंय ना? कुठे दुखत नाही ना?"

"नाही."

"मग बोला," मी म्हटलं. "हवं तेवढं बोला."